सत्तावीस चुकले, तरी मारतच का राहिले?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी ह्यूस्टन रॉकेट्सची, म्हणजे अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या एका बास्केटबॉल टीमची, चाहती आहे हे कळलं की लोक दोन प्रश्न विचारतात. नागपूरच्या बाईला टेक्सासच्या टीमचं काय पडलंय, हा पहिला. त्याचं उत्तर सोपं आहे. आम्ही शाळेच्या ग्राउंडवर खेळायला लागलो तेव्हा रॉकेट्सकडे याओ मिंग आणि ट्रेसी मॅग्रेडी होते, आणि त्या वयात जी टीम मनात बसते ती उठत नाही. दुसरा प्रश्न मात्र दर वर्षी मे महिना आला की कोणीतरी काढतंच. आमच्या शेजारचे काका तो सगळ्यात चांगला विचारतात: "चुकून राहिलं होतं ना, मग काहून मारून राहिले होते?"

ज्यांना संदर्भ माहीत नाही त्यांच्यासाठी. २८ मे २०१८, वेस्टर्न कॉन्फरन्सची फायनल (जिंकणारा एनबीएच्या फायनलमध्ये), सात सामन्यांची मालिका ३-३, सातवा सामना ह्यूस्टनमध्येच, टोयोटा सेंटरवर. समोर गोल्डन स्टेट वॉरियर्स: करी, ड्युरांट, थॉम्पसन, ग्रीन. त्या मोसमात रॉकेट्स ८२ पैकी ६५ सामने जिंकले होते, लीगमध्ये सगळ्यात जास्त. आपल्याकडे तेव्हा मंगळवारची सकाळ, साडेसहा. नवतपा सुरू होता, आमच्याकडे त्या वेळीही कूलर फुल स्पीडवर होता आणि त्याच्या आवाजात कॉमेंट्री ऐकू येत नव्हती. नंतर वाटलं, बरं झालं.

हाफटाइमला आपण ५४-४३ असे पुढे होतो. ("आपण" म्हणते, हसू नका.) पण दुसऱ्या क्वार्टरमध्येच थ्री, म्हणजे लांबून मारायचे तीन पॉइंटचे शॉट, चुकायला लागले होते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये १४ मारले, एकही गेला नाही. चौथ्यातही तेच. सलग सत्तावीस! प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांमध्ये, असं आधी कोणाचंच झालं नव्हतं. शेवटी पी. जे. टकरचा एक गेला, पण तोवर सामना हातातून निघून गेला होता. एकूण ४४ पैकी ७. स्कोअर १०१-९२.

आता काकांचा मुद्दा. काका क्रिकेटवाले. त्यांचं म्हणणं, बाउंड्री बसत नाही तर एकेक रन काढा. पहिल्यांदा ऐकलं की पटतं. पण एकेरी धाव बऱ्याचदा समोरची टीमच देते. फील्डर लांब उभे असतात, ढकला आणि पळा. बास्केटबॉलमध्ये दोन पॉइंट असे कोणी देत नाही. सोपे दोन म्हणजे रिंगच्या खालचे, आणि तिथे वॉरियर्सचे माणसं उभे होते. उरले मधले शॉट, दहा-पंधरा फुटांवरचे, अंगावर माणूस घेऊन मारायचे. शंभरात चाळीस गेले तरी भाग्य. म्हणजे एका शॉटमागे ०.८ पॉइंट. रॉकेट्सचे थ्री त्या मोसमात ३६ टक्क्यांनी जात होते, म्हणजे एका शॉटमागे १.०८. हा हिशेब टीमचे जनरल मॅनेजर डॅरिल मोरी आणि कोच माइक डॅन्टोनी यांनी वर्षभर डोक्यात ठेवला होता. सामन्याला सरासरी बेचाळीस थ्री मारायचे हे लोक. निम्म्याहून जास्त शॉट थ्रीच. याच खेळावर ६५ जिंकले. सातव्या सामन्यात ४४ मारले, म्हणजे नेहमीसारखेच. वेगळं काही केलं नाही, आणि त्या दिवशी वेगळं काहीतरी करायला हवं होतं असं मला अजूनही वाटत नाही.

नऊ पॉइंटने हरलो. नऊ म्हणजे तीन थ्री. त्या सत्तावीसमधले तीन गेले असते तर सामना बरोबरीत होता. पलीकडे वॉरियर्सचे ३९ पैकी १६ गेले, त्यातले सात एकट्या करीचे, आणि तिसरा क्वार्टर त्यांनी ३३-१५ असा घेतला. त्यांना कोणी विचारत नाही की तुम्ही इतके थ्री का मारलेत.

हिशेब असाही मांडता येतो की ३६ टक्केवाली टीम सलग सत्तावीस चुकायची शक्यता लाख-सव्वा लाखात एकाहूनही कमी. मी स्वतः हे गणित करून मैत्रिणींना पाठवलं आहे. पण त्यात लबाडी आहे, प्रत्येक शॉट म्हणजे नाणं उडवणं असं त्यात धरलंय. नाण्याला पाय नसतात, माणसाला असतात. डॅन्टोनी मोजक्या सात-आठ जणांवर खेळायचे. त्या रात्री हार्डन, गॉर्डन, एरिझा, टकर हे चौघं ४८ पैकी चाळीस मिनिटांच्या आसपास मैदानावर होते, तेही एक दिवसाआड चाललेल्या मालिकेच्या सातव्या सामन्यात. थ्रीची ताकद हातातून येत नाही, मांड्यांमधून येते. संध्याकाळच्या साध्या मॅचमध्येही चौथ्या क्वार्टरला माझा शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागायला लागतो तेव्हा मला कळतं, पाय गेले.

ट्रेव्हर एरिझाचं तर बघवत नव्हतं. १२ शॉट घेतले, बाराही चुकले. त्यातले नऊ थ्री. कोपऱ्यात मोकळा उभा, पास अगदी छातीवर, उडी तीच, मनगट तेच, आणि बॉल आखूड. पुढच्या वेळी पुन्हा तिथेच मोकळा. लोक म्हणतात त्याने मारायला नको होतं. अरे, मोकळ्या माणसाने मारायचं नाही तर काय अंगावर माणूस घेऊन मारायचं? वर्षभर डिफेन्समध्ये समोरचा सगळ्यात अवघड खेळाडू ज्याच्या गळ्यात घातला, त्याच्या पायात मे महिन्याच्या शेवटी काय उरणार?

म्हणून मला विचारायचंच असेल तर २४ मेबद्दल विचारा. पाचवा सामना, शेवटचं मिनिट, आपण पुढे. ख्रिस पॉल बॉल घेऊन आत घुसला, शॉट मारला आणि उजव्या मांडीचा मागचा भाग धरून उभा राहिला. हॅमस्ट्रिंग. तो सामना ९८-९४ असा जिंकलो, मालिकेत ३-२ झालो, आणि मला आनंदच होईना. पॉल लीगमध्ये २००५ पासून. तेरावा मोसम, आणि कॉन्फरन्स फायनल पहिल्यांदाच. सहावा आणि सातवा सामना त्याने बाकावर बसून पाहिला. सहाव्यात पहिल्या क्वार्टरनंतर १७ ने पुढे असून आपण ११५-८६ हरलो. मधल्या शॉटचं म्हणाल तर त्या टीममध्ये तो शॉट खात्रीने मारणारा एकच माणूस होता, पॉल. काकांना जे हवं होतं ते करणारा सूट घालून बसला होता. वॉरियर्सचा आंद्रे इगुओडाला हा खेळाडूही चौथ्या सामन्यापासून बाहेर होता, हे मान्य. पण त्यांच्याकडे ड्युरांट होता, सातव्यात ३४ पॉइंट मारले त्याने.

पंचांचं प्रकरण मी मुद्दाम काढत नाही. टीमने त्यांच्या चुकांचा मोठा हिशेब मांडला होता, २०१९ मध्ये त्याच्या बातम्याही आल्या. माझा भाऊ तो तोंडपाठ म्हणून दाखवतो. मला त्यात रस नाही.

पुढचं थोडक्यात. एरिझा त्याच उन्हाळ्यात गेला. २०१९ मध्ये पुन्हा वॉरियर्सनीच प्लेऑफमधून बाहेर काढलं, तेही शेवटच्या सामन्यात ड्युरांट नसताना, आपल्याच घरात. तो पराभव मला जास्त लागला, कारण त्याला काहीच निमित्त नव्हतं. मग पॉल गेला, डॅन्टोनी आणि मोरी गेले, जानेवारी २०२१ मध्ये हार्डनही गेला.

मे २०२५ मध्ये बोस्टन सेल्टिक्सने निक्सविरुद्ध एकाच सामन्यात ६० थ्री मारले आणि ४५ चुकवले. वीस पॉइंटची आघाडी घालवून ओव्हरटाइममध्ये हरले. काकांनी सकाळीच फाटकातून हाक मारली, "घे, तुझे भाऊबंद!" मी म्हटलं, काका, याच सेल्टिक्सने आदल्या वर्षी असेच सामन्याला बेचाळीसच्या वर थ्री मारून चॅम्पियनशिप घेतली, तेव्हा तुम्ही हाक नव्हती मारली. काका म्हणाले, "तेव्हा जाऊन राहिले होते ना!"