नेव्हाडाचा प्रवास आणि गाडीच्या काउंटरवरचे अडीच तास

लास वेगासच्या हॅरी रीड विमानतळाच्या इमारतीत भाड्याची गाडी मिळत नाही. शटल बसने काही मैलांवरच्या स्वतंत्र केंद्रात जावे लागते आणि तिथे सगळ्या कंपन्यांचे काउंटर एकाच छताखाली आहेत. ऑक्टोबरातल्या एका दुपारी बारा वाजता मी आणि पत्नी तिथे पोहोचलो. वाटेत बीटी या गावाजवळचे रायोलाइट पाहायचे आणि अंधारापूर्वी टोनोपा हे गाव गाठायचे, असे पुण्यातच ठरले होते. सोन्याच्या शोधामुळे 1905 च्या सुमारास वसलेले आणि काही वर्षांतच ओस पडलेले रायोलाइट गाव पाहण्याची पत्नीची फार इच्छा होती.

घोडे अडले ते माझ्या नावावर. पासपोर्टवर आणि वाहन परवान्यावर माझे, वडिलांचे आणि आडनाव अशी तिन्ही नावे आहेत. क्रेडिट कार्डावर मात्र बँकेने माझे नाव आणि आडनाव एवढेच छापले आहे, आणि बुकिंग मी कार्डाप्रमाणे केले होते. काउंटरवरील कर्मचाऱ्याने ही दोन वेगळी माणसे असल्याचे ठरवून टाकले. आमच्याकडे मधले नाव वडिलांचे असते आणि ते काही ठिकाणी लिहिले जाते, काही ठिकाणी गाळले जाते, हे मी तीनदा समजावून सांगितले. आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना पुढे केला, तर त्यावर आडनाव आधी असल्याने त्याचा संशय वाढलाच. जुने बुकिंग रद्द करून त्या दिवशीच्या दराने नवे करा, असे त्याने सुचवले; तो दर जवळजवळ दुप्पट होता. मी नकार दिला, तेव्हा वरिष्ठ जेवायला गेले आहेत, थांबा, असे सांगून त्याने पुढच्या ग्राहकाला बोलावले. बसायला खुर्ची नव्हती; पत्नी दीड तास बॅगेवर बसून होती.

वरिष्ठ बाई आल्या, त्यांनी दोन्ही कागदांवरची जन्मतारीख ताडून पाहिली, बँकेच्या ॲपमध्ये त्या कार्डाच्या तपशिलाखाली असलेले माझे पूर्ण नाव वाचले आणि पाच मिनिटांत मंजुरी दिली. हे पाच मिनिटांचे काम पहिल्याच माणसाला करता आले असते, याचा राग अजून गेलेला नाही.

त्यानंतर अनामत रक्कम कार्डावर रोखून धरायची होती, ती नाकारली गेली. 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवे कार्ड परदेशी व्यवहारांसाठी आपणच सुरू करावे लागते. मी ते केले होते, पण मर्यादा कमी ठेवली होती. ती निघण्यापूर्वीच वाढवून ठेवावी. बुकिंग पासपोर्टप्रमाणे पूर्ण नावाने करावे आणि कार्डावरही तेच नाव छापून घ्यावे, हे तर सर्वांत आधी. आणखी एक: त्याच काउंटरवर मला टोलचा पासही घेण्याचा आग्रह झाला. नेव्हाडात टोलचे रस्ते नाहीत; फक्त याच राज्यात फिरणार असाल तर तो घेऊ नये.

अडीच वाजून गेल्यावर गाडी मिळाली आणि रायोलाइट राहिले ते राहिलेच. टोनोपाला पोहोचेपर्यंत अंधार पडला होता. या भागात गुरे मोकळी चरतात आणि रस्त्यावर येतात, म्हणून शेवटचा तासभर मी अगदी हळू गाडी चालवली.

पुढचा प्रवास विनासायास झाला. टोनोपाहून ईलीला जाणाऱ्या सहा क्रमांकाच्या महामार्गावर सुमारे 165 मैल पेट्रोल पंप नाही, तेव्हा टाकी भरूनच निघावे. जुगार इथे 1931 पासून कायदेशीर असल्याने पंपावरच्या दुकानातही स्लॉट मशीन असतात. आम्ही तिथे पाणी आणि केळी घेत होतो. ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानातील हजारो वर्षे जगणारी ब्रिसलकोन पाइनची झाडे पाहताना मात्र पत्नीच्या चेहऱ्यावरचा शीण उतरलेला दिसला आणि मलाही बरे वाटले. उद्यानातील उंचावरचा रस्ता हिवाळ्यात बंद होतो, म्हणून तारखा पाहूनच बेत आखावा.

गाडी परत करायला दोन मिनिटे लागली, नाव कोणी विचारलेही नाही. घेताना आणि देताना गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवले होते. रोखलेली अनामत बाराव्या दिवशी मोकळी झाली.