अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचा सोमवार

डायलिसिस चालू असताना पेशंटला जांभई आली की मी हातातलं काम तसंच टाकून त्याच्याकडे जाते. नातेवाइकांना वाटतं, कंटाळला असेल, झोप आली असेल. पण ती बीपी घसरायला लागल्याची खूण असते, आणि बऱ्याचदा पडद्यावर आकडा बदलायच्या आधीच ती दिसते. हे पुस्तकातून शिकले नाही मी, खाटांमधून येरझारा घालून शिकले. त्या सोमवारी मात्र ही जांभई माझ्याआधी दुसऱ्याच कुणी पाहिली.

मावशी आमच्याकडे सोमवार, बुधवार, शुक्रवार येतात. चार-चार तास. त्यांच्या डाव्या हाताला फिस्टुला आहे, म्हणजे धमनी आणि शीर ऑपरेशनने जोडलेली. तिच्यावर बोट ठेवलं की आत सतत थरथर लागते. ती थरथर म्हणजे या पेशंटचा जीव. ती थांबली तर सुई टोचायला जागाच उरत नाही. म्हणून त्या हाताला बीपीचा पट्टा बांधायचा नाही, त्या हातावर डोकं टेकून झोपायचं नाही, त्या हाताने पिशवी उचलायची नाही. मी टोचायच्या आधी डोळे मिटून थरथर शोधते, आणि त्याच क्षणी मनात छोटीशी प्रार्थना करते. माझी दिवसभरातली प्रार्थना बहुतेक तेवढीच होते, हेही सांगून टाकते.

मावशींबरोबर त्यांची मैत्रीण येते. निवृत्त शिक्षिका, सगळे त्यांना बाई म्हणतात. मशीन सुरू झालं की बाई शेजारी बसून बायबलमधलं एक स्तोत्र वाचतात आणि मग दोघी प्रार्थना करतात. डायलिसिस नसेल त्या दिवशी हेच फोनवर. १५० स्तोत्रं, रोज एक, संपली की पुन्हा पहिल्यापासून. गाळायचं काही नाही.

मंडळीतले, म्हणजे त्यांच्या चर्चमधले, बाकीचे लोकही सुरुवातीला यायचे. त्यातल्या एकाने मावशींना माझ्यासमोर विचारलं होतं, "कुठलं पाप कबूल करायचं राहिलंय का, बघा." दोन सुया हातात असलेल्या पेशंटला हे विचारायचं? बायबलमधल्या ईयोबावर काही दोष नसताना संकटं कोसळली. त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ते मित्र होते. तोंड उघडलं, हे तुझ्याच पापाचं फळ म्हणाले, आणि सगळं बिघडलं. शेवटी देवाचा राग ईयोबावर नाही, त्या मित्रांवर भडकला. शास्त्रात इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना खाटेशेजारी उभं राहून माणसं तेच कसं बोलतात, हे मला अजून कळत नाही.

सोमवार आमच्याकडे सगळ्यात अवघड. मध्ये दोन दिवस गेलेले असतात, अंगात पाणी साठलेलं असतं. त्या दिवशी मावशींचं वजन साडेतीन किलोने वाढलं होतं. दम लागत होता, आदल्या दिवशी उपासनेलाही जाता आलं नव्हतं. मशीन लावलं, बाईंनी पुस्तक उघडलं, तशा मावशी म्हणाल्या, "आज नको गं. माझ्याच्याने नाही होत. कुणी ऐकतंय असं वाटतच नाही."

बाईंनी समजूत घातली नाही. "बरं," म्हणाल्या. "तू पडून राहा. तुझ्या वाटचं आज मी करते."

पाळीने त्या दिवशी अठ्ठ्याऐंशीवं आलं होतं. मी चार्ट भरत होते, ओळी कानावर आल्या आणि मी चमकले. दुःखाची स्तोत्रं पुष्कळ आहेत, पण बहुतेक सगळी शेवटाकडे वळतात, आशेचं एखादं तरी वाक्य येतं. हे वळत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार आहे. मला राहवलं नाही. म्हटलं, "बाई, आजच्या दिवस तेविसावं घ्या ना, परमेश्वर माझा मेंढपाळ, ते धीराचं." मावशींनी डोळे न उघडताच सांगितलं, "नको सिस्टर. हे माझंच आहे. वाचू दे तिला."

मग मी कान देऊन ऐकलं. त्या स्तोत्रातला माणूस म्हणतो, मी रोज तुला हाक मारतो, रोज तुझ्याकडे हात पसरतो, सकाळी माझी प्रार्थना तुझ्यापुढे येते. उत्तर काही येत नाही, तरी तो रोज येतो. इतक्या वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

बाई मध्येच थांबल्या. "सिस्टर, हिला जांभया येताहेत."

मीच त्यांना कधीतरी सांगितलं होतं. धावले. बीपी ७० वर ४०. पाणी काढणं बंद केलं, डोक्याची बाजू खाली, पाय वर, सलाईनचा क्लॅम्प पूर्ण उघडला. मावशींचे डोळे फिरले, कपाळ घामाने भिजलं. आणि मी बाईंना म्हटलं, "तुम्ही बाहेर जा." नियम आहे आणि त्याला कारणही आहे, दोन खाटांमध्ये जागा कमी, चारजणी धावतात तेव्हा पाय अडकतो, नळी ओढली जाते. हे सगळं खरं. पण मी ते ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज नियमाचा नव्हता.

आठेक मिनिटांत बीपी १०० च्या वर आलं. मावशींनी डोळे उघडले, बाजूचं रिकामं स्टूल पाहिलं आणि तोंड फिरवलं.

मी बाईंना बोलवायला गेले. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, पुस्तक मिटलेलं. मला वाटलं, स्तोत्र पुरं केलं असेल. त्या म्हणाल्या, "मला एकटीला वाचता येत नाही."

मुलगा गेला तेव्हापासून, असं त्यांनी सांगितलं. घरी पुस्तक उघडतात, ओळ दिसते, पुढे जाताच येत नाही. तेव्हा मावशी रोज त्यांच्या घरी जाऊन वाचायच्या. हे एक स्तोत्र रोजचं, तेव्हा सुरू झालेलं. मावशींना डायलिसिस लागलं, येणं बंद झालं, म्हणून बाई इथे यायला लागल्या. "लोकांना वाटतं मी हिच्यासाठी येते," त्या म्हणाल्या.

मलाही तेच वाटत होतं. किती महिने मी एकीला देणारी आणि दुसरीला घेणारी धरून चालले होते, आणि त्याच हिशेबाने मी देणारीला बाहेर काढलं. तिचं काय होईल, हा विचारही केला नाही.

शौल राजा दावीदाच्या जिवावर उठला होता, तेव्हा शौलाचाच मुलगा योनाथान, दावीदाचा मित्र, रानात लपलेल्या दावीदाकडे गेला आणि देवाच्या ठायी त्याने दावीदाचा हात बळकट केला, असं बायबलमध्ये शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आहे. मी नेहमी दावीदाच्या बाजूने वाचलं ते. योनाथान तिथून घरी परत गेला, त्याच शौलाच्या घरी, आणि पुन्हा दोघांची भेट झाल्याचं कुठे लिहिलेलं नाही. त्या घरात त्याचा हात कोण धरत होतं?

बाई आत आल्या. राहिलेल्या ओळी वाचल्या. शेवट अंधारातच झाला, दोघींनी "आमेन" म्हटलं. प्रार्थना मावशींनी केली, अगदी हळू, मला शब्द ऐकू आले नाहीत. मग बाईंनी त्यांच्या उजव्या हातावर हात ठेवला. डाव्यावर नाही, तेही त्यांना शिकवावं लागलं नव्हतं.

बुधवारी मी शिफ्टला थोडी आधी आले. स्टूल खाटेच्या उजव्या बाजूला, डोक्याकडे भिंतीलगत लावून पाहिलं. तिथे बसलेल्या माणसाचा पाय कुणाच्या वाटेत येत नाही, नळीलाही धक्का लागत नाही. इन्चार्जना अजून विचारलेलं नाही.