आच्छादन घातले म्हणजे खुरपे सुटते का?

पर्माकल्चरची, म्हणजे निसर्गाच्या रचनेवर बेतलेल्या शेतीपद्धतीची बाग एकदा बसली आणि मातीवर पालापाचोळ्याचे किंवा काडीकचऱ्याचे आच्छादन घातले की निंदणी उरत नाही, असे हल्ली छातीठोकपणे सांगितले जाते. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात मांडलेल्या या पद्धतीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण इंदूरच्या काळ्या मातीत हा दावा मला अर्धाच पटतो.

गाजर गवतासारख्या, केवळ बियांवर पसरणाऱ्या तणांना आच्छादन खरोखर आवर घालते. माळव्यात सोयाबीनचे कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, सहज मिळते. त्याचा चार बोटे जाड थर दिला की उजेड अडतो आणि बारीक बियांचे बळ वर येण्याआधीच संपते. लव्हाळ्याचे मात्र वेगळे आहे. त्याचा सुईसारखा टोकदार कोंब कुटारच काय, प्लॅस्टिकचा कागदही भोसकून वर येतो, आणि उपटायला जावे तर पाते तेवढे हातात येते व काळपट गाठ मातीतच राहून पुन्हा फुटते. हरळीही तशीच चिवट.

शिवाय पावसाळ्यात आच्छादन झपाट्याने कुजते आणि त्या कुजलेल्या थरावरच वाऱ्याने आलेले बी रुजते, म्हणून थर पुन्हा घालावा लागतो. खुरपणीचे कष्ट निश्चित घटतात, आणि घरची वडीलधारी माणसे बाग सांभाळत असतील तर ही लहान गोष्ट नव्हे. परंतु नवख्या माणसाला ‘निंदणी नाहीच’ असे सांगणे मला अन्यायाचे वाटते. त्याला आधी लव्हाळा गाठींसकट खणून काढायला सांगावे, आणि मगच आच्छादन घालायला.