रेनिन ०.२ आलं आणि मी उगाच खूश झालो

तिसरी गोळी सुरू होऊनही बीपी १६० च्या खाली टिकेना आणि पोटॅशियम ३.१, म्हणजे कमी आलं, तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठीवर दोन तपासण्या लिहिल्या: रेनिन हे एन्झाइम आणि अल्डोस्टेरॉन हे हार्मोन. रेनिन मूत्रपिंडात तयार होतं एवढंच वाचलं आणि किडनी गेली असं मी धरूनच चाललो. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन व्यवस्थित होतं, तरी!

तपासणीची तयारी रक्त देण्यापेक्षा कितीतरी मोठी निघाली. बीपीच्या बऱ्याच गोळ्या रेनिनचा आकडा वरखाली करतात. डॉक्टरांनी माझी स्पायरोनोलॅक्टोन चार आठवडे आधी थांबवली आणि तिच्या जागी आकड्यात लुडबूड न करणारी दुसरी गोळी दिली. (हे स्वतःच्या मनाने करू नका, बीपी भडकतं.) आधी पोटॅशियम भरून काढलं. मीठ मुद्दाम कमी करायचं नव्हतं. ज्येष्ठमधही बंद, कारण त्यानेही बीपी चढतं आणि रेनिन दबतं. माझ्या खोकल्याच्या गोळीत ते निघालं!

त्या दिवशी लॅबमधल्या ताईंनी पहिला प्रश्न विचारला, “उठून किती वेळ झाला?” उपाशी आहात का, हे विचारलंच नाही. दोन तास तरी उठून हिंडल्याफिरल्यावर, मग दहा मिनिटं खुर्चीत बसवून रक्त घेतलं. मी म्हटलं, नळी बर्फात ठेवायची ना? त्या म्हणाल्या, मुळीच नाही, गारठ्याने रक्तातलं निष्क्रिय रेनिन जागं होतं आणि आकडा खोटा वाढतो.

रिपोर्ट आला. रेनिन ०.२, म्हणजे कमी. अल्डोस्टेरॉन २४, छापलेल्या मर्यादेच्या आत. बीपी वाढवणारं एन्झाइमच कमी आहे म्हटल्यावर मी निवांत झालो.

डॉक्टरांनी मात्र दोन्ही आकड्यांखाली रेघ मारली. बीपी उतरलं किंवा मीठ कमी पडलं की मूत्रपिंड रेनिन सोडतं. त्यातून पुढे अँजिओटेन्सिन २ बनतं, ते रक्तवाहिन्या आवळतं आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना अल्डोस्टेरॉन सोडायला सांगतं. अल्डोस्टेरॉन मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे घालवतं. “रेनिन झोपलंय,” ते म्हणाले, “मग अल्डोस्टेरॉन कोणाच्या सांगण्यावरून चाललंय?” २४ भागिले ०.२, म्हणजे १२०. माझ्या रिपोर्टमधल्या एककांमध्ये हे गुणोत्तर ३० च्या वर गेलं की संशय घेतात. ग्रंथी परस्पर कारभार करत असाव्यात. अमेरिकन डॉक्टर जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये वर्णन केलेला हाच तो आजार (प्रायमरी अल्डोस्टेरॉनिझम), आणि बीपीच्या रुग्णांत तो वाटतो तितका दुर्मीळ नाही.

मर्यादेच्या आत असलेला आकडाच गुन्हेगार निघावा, याचा मला अजून राग येतो. अर्थात गुणोत्तर म्हणजे निदान नव्हे. पुढच्या आठवड्यात चार तासांत दोन लिटर सलाईन चढवून अल्डोस्टेरॉन पुन्हा मोजणार आहेत. एवढं मीठ शरीरात गेल्यावर ते खाली यायला हवं. नाही आलं, तर मग ग्रंथींचा सीटी स्कॅन.