प्रीमिअर चुकला तर चुकू दे, दुसरा खेळ बघा

चित्रपट महोत्सवाचं वेळापत्रक हातात पडलं की बहुतेक जण आधी प्रीमिअरच्या संध्याकाळींवर खुणा करतात. मी तोच सिनेमा पुन्हा कधी लागतोय ते शोधते. बहुतेक वेळा तो दुसऱ्या दिवशी सकाळी असतो, लहान सभागृहात, कुणी फारसं नटूनथटून येणार नाही अशा वेळी. सिनेमा कसा आहे हे कळायला माझ्या मते तोच खेळ खरा.

प्रीमिअरला सभागृहात कोण बसलेलं असतं ते बघा ना. दिग्दर्शक, कलाकार, त्यांच्या घरची माणसं, पैसा लावणारे निर्माते, हक्क विकत घ्यायला आलेले वितरक, ज्युरी. इतक्या जणांचा जीव एका सिनेमात अडकलेला असताना टाळ्या मनापासून किती आणि नात्यातून किती, कसं ओळखणार? फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या मुख्य सभागृहात, ग्रां तेआत्र ल्युमिएरमध्ये, सुमारे २३०० माणसं मावतात. श्रेयनामावली संपते, दिवे लागतात आणि एक कॅमेरावाला थेट सिनेमाच्या चमूसमोर येऊन उभा राहतो. एकेका कलाकाराचा चेहरा मोठ्या पडद्यावर दिसायला लागतो. चेहरा बदलला की विरत चाललेल्या टाळ्यांना पुन्हा जोर चढतो. नायिकेला वाजवल्या, मग त्या छोट्या मुलालाही वाजवायलाच हव्यात. त्यातच दिग्दर्शकाच्या डोळ्यांत पाणी येतं, मग तर कोण थांबणार! २००६ साली 'पॅन्स लॅबिरिंथ'ला तिथे २२ मिनिटं टाळ्या मिळाल्याचं आजही सांगितलं जातं. सिनेमा अप्रतिमच आहे. पण तो अप्रतिम आहे तो त्यातल्या छोट्या नायिकेच्या डोळ्यांतल्या भीतीमुळे. घड्याळ लावून टाळ्या मोजणाऱ्या बातम्यांमधून मला सिनेमाबद्दल काडीचंही कळत नाही.

आणि हुर्यो उडाली म्हणून सिनेमा वाईट, असंही नाही. १९६० साली कानमध्येच इटालियन दिग्दर्शक अँतोनिओनीच्या 'लाव्हेंतुरा'च्या पहिल्या खेळाला लोक हसले, ओरडले. दिग्दर्शक आणि नायिका मोनिका व्हिट्टी तिथेच बसून ते सगळं ऐकत होते. एका बेटावर एक तरुणी नाहीशी होते, बाकीचे तिला शोधायला लागतात आणि हळूहळू तो शोधच विसरला जातो. कोडं सुटेल म्हणून वाट बघत बसलेल्या प्रेक्षकाला हे सोसवलं नाही. पण रोसेलिनीसारख्या दिग्दर्शकांनी आणि काही समीक्षकांनी लगेच पाठिंब्याचं निवेदन सह्या करून काढलं, त्याच महोत्सवात सिनेमाला ज्युरीचं पारितोषिक मिळालं, आणि १९६२ मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश चित्रपट-मासिकाने जगभरच्या समीक्षकांना सर्वोत्तम चित्रपट विचारले तेव्हा तो दुसऱ्या क्रमांकावर होता. अवघ्या दोन वर्षांत! पहिल्या रात्रीच्या आवाजावर विसंबून कुणी परीक्षण लिहिलं असेल, तर त्या परीक्षणाला आज काय किंमत आहे?

परीक्षणांच्या घाईबद्दल मला मनापासून बोलायचंय. पूर्वी कानमध्ये पत्रकारांना स्पर्धेतला सिनेमा मुख्य प्रीमिअरच्या आधी दाखवत. मग व्हायचं असं, की कलाकार रेड कार्पेटवर पाऊल ठेवायच्या आतच त्यांच्या सिनेमाची चिरफाड जगभर वाचून झालेली असायची. २०१८ पासून महोत्सवाने ही पद्धत बदलली. मला ते पटलं. वर्षानुवर्षं खपून केलेलं काम पहिल्यांदा दाखवताना माणसाला निदान ते दोन तास तरी निवांत मिळावेत. (रेड कार्पेटवर सेल्फी काढायलाही त्याच वर्षी बंदी आली. तेही पटलं.) पण आता सगळेच एकदम बाहेर पडतात आणि पायऱ्या उतरता उतरता मोबाइलवर निकाल देतात. 'उत्कृष्ट' किंवा 'भ्रमनिरास', अधलंमधलं काही नाहीच. दिवसातला चौथा सिनेमा बघून, रांगेत ताटकळून आलेला माणूस संथ सिनेमाला कंटाळवाणा म्हणणारच. तो दोष सिनेमाचा की त्याच्या न झालेल्या झोपेचा, हे त्याने निदान स्वतःला तरी विचारावं.

'कोर्ट' आठवतो. चैतन्य ताम्हाणेचा हा पहिलाच सिनेमा २०१४ साली व्हेनिस महोत्सवात ओरिझोंती या नव्या प्रवाहांच्या विभागात सर्वोत्तम ठरला, शिवाय पहिल्या सिनेमासाठीचा 'लायन ऑफ द फ्यूचर'ही त्यालाच मिळाला. त्यात शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते. खोली रिकामी होते, दिवे बंद होतात, दार लागतं आणि पडदा काळा होतो. तो बराच वेळ काळाच राहतो. मी ज्या सभागृहात पाहिला तिथे माणसं उठली, पिशव्या आवरायला लागली, दोघंतिघं तर दारापर्यंत पोचले. आणि मग उजेड होतो, न्यायाधीश महाशय सहलीला निघालेले दिसतात. दुपारी बाकावर त्यांचा डोळा लागतो, मुलं ओरडून त्यांना दचकवतात, ते एकाच्या थोबाडीत देतात आणि पुन्हा झोपतात. ज्यांच्यापुढे एका शाहिराचं आयुष्य टांगलेलं आहे ते हेच गृहस्थ. कोर्टातल्या तारखांमागून तारखा बघून जे कळलं नसेल, ते त्या एका थपडेत कळतं. दारापर्यंत गेलेले अंधारात तसेच उभे राहून बघत होते. सिनेमा कधी संपला हे प्रेक्षकाने ठरवायचं नसतं. पुढच्या खेळाची रांग धरायला आधीच उठून जाणाऱ्यांनी परीक्षण लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता प्रसिद्ध माणसांबद्दल. त्यांना बघायची हौस मलाही आहे, पण लोखंडी कठड्यापलीकडून माना उंचावून दिसतो तो पोशाख. माणूस दिसतो तो अंधारात. एकदा अशाच सकाळच्या खेळाला माझ्या पुढच्या रांगेत एक ज्येष्ठ अभिनेत्री येऊन बसली. सोबत कुणी नाही. तिने चपला काढल्या, पाय वर घेतले, चष्मा पुसला. पडद्यावर एका अगदी नवख्या मुलीचा लांबलचक एकपात्री प्रसंग होता. ही बाई तो संपेपर्यंत पुढे झुकून, हनुवटी मुठीवर टेकवून बघत होती, आणि मुलीने एक वाक्य अर्धवट सोडलं तेव्हा तिचे ओठ हलले. तिने ते वाक्य मनात पुरं केलं असणार. नंतरच्या प्रश्नोत्तरांत तिने हात वर केला, आपली ओळख सांगितली नाही, आणि विचारलं, 'हा प्रसंग कितव्या टेकचा?' दिग्दर्शक म्हणाला, पहिल्याच. बाईंनी मान डोलावली आणि खाली बसल्या. त्यांच्यासोबत फोटो काढावा असं मला एकदाही वाटलं नाही. अभिनय कसा बघायचा ते मात्र मी त्या सकाळी शिकले.

रेड कार्पेटचा मला मुळातच राग आहे असं समजू नका. तिथे कधी कधी फार मोठी गोष्ट घडते. २०११ साली बर्लिन महोत्सवाने इराणचे दिग्दर्शक जाफर पनाही यांना ज्युरीत बोलावलं होतं, पण त्यांना देशाबाहेर पडायला बंदी होती. महोत्सवाने त्यांची खुर्ची रिकामीच ठेवली. २०१५ मध्ये त्यांच्या 'टॅक्सी'ला तिथलंच सर्वोच्च पारितोषिक, गोल्डन बेअर, मिळालं, तेव्हा ते घ्यायला त्यांची छोटी भाची पुढे आली आणि तिला रडू आवरेना. २०२४ साली दिग्दर्शक मोहम्मद रसूलोफ इराणमधून लपतछपत निसटून कानला पोचले. सोबत त्यांनी आपल्या दोन कलाकारांची छायाचित्रं आणली होती, सोहेला गोलेस्तानी आणि मिसाघ झारे यांची. त्या दोघांना येता आलं नव्हतं. प्रीमिअरला त्यांनी ती छायाचित्रं हातात उंच धरली. आणि २०२५ मध्ये पनाही स्वतः कानला आले आणि पाम दोर हा तिथला सर्वोच्च पुरस्कार घेऊन गेले. अशा वेळी कोण आलंय आणि कोण येऊ शकलेलं नाही, हे बघायलाच हवं. कुणी कुठल्या कंपनीचा गाऊन घातला यावर त्याच पानात चार रकाने भरलेले दिसले की माझा जीव तुटतो.

म्हणून मैत्रिणी विचारतात तेव्हा मी हेच सांगते, की मुख्य स्पर्धा सगळेच बघतात, तुम्ही बाजूच्या विभागांतले दुसरे खेळ धरा. पायल कपाडियाचा 'अ नाइट ऑफ नोइंग नथिंग' हा माहितीपट २०२१ साली कानच्या डिरेक्टर्स फोर्टनाइट या मुख्य स्पर्धेबाहेरच्या विभागात होता. त्याला सर्वोत्तम माहितीपटाचा 'गोल्डन आय' मिळाला, पण आपल्याकडे त्याची चर्चा किती जणांनी केली? विद्यार्थ्यांच्या आंदोलनाची दृश्यं आणि न पाठवलेली प्रेमपत्रं यांची वीण घालणारी ही दिग्दर्शिका पुढे काय करू शकते, हे तेव्हाच दिसत होतं. तीन वर्षांनी 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' मुख्य स्पर्धेत गेला, ३० वर्षांनंतर तिथे पोचलेला भारतीय सिनेमा म्हणून गाजला आणि ग्रां प्री, म्हणजे पाम दोरच्या खालोखालचा पुरस्कार, घेऊन आला. मग सगळ्यांना पायलचं नाव पाठ झालं. तुमच्या पुढच्या महोत्सवाच्या वेळापत्रकातही अशी एखादी पायल सकाळच्या खेळाला असेलच. तिचा सिनेमा बघा, प्रश्नोत्तरांना थांबा, आणि आवडला तर त्याच आठवड्यात चार ओळी लिहा. त्या ओळींची गरज आज तिला आहे, पुरस्कार मिळाल्यावर नाही.