बेंडिगो ते मेलबर्न: नव्या आकड्यांची पीटीई

माझी पहिली पीटीई, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी चालणारी इंग्रजीची संगणकावरची परीक्षा, सप्टेंबर २०२२ मधली. चारही भागांत ६५ च्या वर मिळाले, व्हिसाच्या गुणांकनात ‘प्रोफिशियंट’ या इंग्रजीच्या पातळीचे १० पॉइंट्स पदरात पडले आणि तो विषय मी डोक्यातून काढून टाकला. व्हिसासाठी अर्ज करण्याचं निमंत्रण मात्र आलं नाही. स्किल्ड, म्हणजे कौशल्यावर मिळणाऱ्या, व्हिसासाठी परीक्षा निमंत्रणाच्या आधीच्या तीन वर्षांतली लागते. त्यामुळे सप्टेंबर २०२५ उलटला आणि माझा स्कोअर बाद झाला. त्याच्या महिनाभर आधी, ७ ऑगस्टला, ऑस्ट्रेलियाच्या गृहखात्याने आकडेही बदलले होते.

प्रवासाकडे वळण्याआधी हे आकडे सांगते, कारण सगळी तयारी त्यांच्यावरच बेतावी लागते. पूर्वी पीटीईत प्रोफिशियंट म्हणजे सगळीकडे सरसकट ६५. आता लिसनिंग ५८, रीडिंग ५९, रायटिंग ६९ आणि स्पीकिंग ७६. त्याच्या वरच्या ‘सुपीरियर’ पातळीचे २० पॉइंट्स हवे असतील तर पूर्वीच्या सरसकट ७९ ऐवजी त्याच क्रमाने ६९, ७०, ८५, ८८. ऐकण्या-वाचण्याची अट उतरली, बोलण्याची चांगलीच चढली. आयईएलटीएस या दुसऱ्या इंग्रजी परीक्षेचे ७ आणि ८ बॅंड मात्र होते तसेच आहेत.

मला एका एजंटने ऑक्टोबरमध्येही “चारही भागांत ६५ आणा, झालं” असंच सांगितलं होतं. त्याचं ऐकून गेले असते तर स्पीकिंगला ७० मिळवून खूश झाले असते आणि हाती शून्य पॉइंट्स आले असते. आकडे स्वतः गृहखात्याच्या संकेतस्थळावर वाचा, दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नका. आणि ज्यांची परीक्षा ६ ऑगस्ट २०२५ पर्यंत झाली आहे, त्यांनी घाबरून लगेच नवा स्लॉट घेऊ नये. मुदत संपेपर्यंत त्यांना जुनेच आकडे लागू आहेत. माझ्या ओळखीच्या एका मुलीने ७९ च्या वर असलेला चांगला स्कोअर हातात असताना धास्तीने पुन्हा फी भरली. फार वाईट वाटलं मला.

आता स्वीकारल्या जाणाऱ्या परीक्षांची यादीही वाढली आहे. सेल्पिप जनरल, लॅंग्वेजसर्ट अकॅडेमिक आणि मिशिगन इंग्लिश टेस्ट तीत नव्याने आल्या. घरी बसून द्यायची ऑनलाइन परीक्षा मात्र कुठलीच चालत नाही, केंद्रावर जावंच लागतं. मी पीटीईच ठेवली, कारण तिची सवय होती आणि निकाल साधारण दोन दिवसांत लागतो.

मला हव्या त्या आठवड्यात जागा मेलबर्नमध्येच होती. मी राहते त्या बेंडिगोहून मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्टेशनला व्ही-लाइन या प्रादेशिक रेल्वेची गाडी साधारण दोन तास घेते. सकाळचा स्लॉट मोकळा असूनही मी दुपारचा घेतला. रुळांची कामं निघाली की या मार्गावर गाडीऐवजी बस लावतात आणि मग वेळेचा भरवसा राहत नाही. तुम्ही बॅलरॅट, जिलॉंग, शेपर्टन कुठूनही निघणार असलात तरी स्लॉट पक्का करण्याआधी त्या दिवसाच्या कामांची सूचना बघा. भाड्याची चिंता नको, मार्च २०२३ पासून लांबच्या गाड्यांनाही मेलबर्न शहराइतकीच दिवसाची कमाल मर्यादा आहे. सदर्न क्रॉसवर उतरल्यावर शहराच्या मध्यभागात ट्रॅम फुकट असते.

कासलमेन मागे पडेपर्यंत मी सराव करत होते. वुडएंडच्या आसपास वही मिटली आणि खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात इंग्रजीत बोलत राहिले. दिसेल त्याचं वर्णन, न थांबता. हा सराव मला मॉक टेस्टपेक्षा जास्त उपयोगी पडला.

केंद्रावर अर्धा तास आधी पोहोचा. बुकिंगवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळायला हवं. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, तिथे गफलत होते. घड्याळ, फोन, पाकीट सगळं लॉकरमध्ये जातं. फोटो आणि तळहाताचं स्कॅन होतं, लिहायला पुसता येणारी पाटी मिळते.

स्पीकिंग सुरुवातीलाच येतं आणि खोलीत सगळे एकदम बोलत असतात. शेजारचा मुलगा इतक्या खड्या आवाजात वाचत होता की माझं पहिलं वाक्य अडखळलं. माइक तपासणीच्या वेळी आपला आवाज परत ऐका आणि पुढे तीच पट्टी ठेवा. तीन सेकंद गप्प राहिलात तर रेकॉर्डिंग बंद पडतं, त्यामुळे चूक सुधारायला थांबू नका. दोन प्रश्नप्रकार नवे आहेत. एकात दिलेल्या प्रसंगात तुम्ही काय म्हणाल ते बोलायचं. दुसऱ्यात तीन जणांची चर्चा ऐकून तिचा सारांश सांगायचा. यात मी पाटीवर तीन रकाने पाडले, प्रत्येक माणसाला एक, आणि फक्त मत व कारण टिपलं. क्लासमध्ये पाठ करून घेतलेले साचे इथे वापरू नका. काही उत्तरांचा आशय आता माणसंही तपासतात.

जोडीदाराचे ५ पॉइंट्स मिळवायचे असतील तर त्याच्याकडेही किमान ‘कॉम्पिटंट’ (प्रोफिशियंटच्या खालची पातळी) हवं: लिसनिंग ४७, रीडिंग ४८, रायटिंग ५१, स्पीकिंग ५४. नवऱ्याने त्याच आठवड्यात परीक्षा दिली. नुसत्या इंग्रजीवर हे ५ मिळतात; त्याचं वय ४५ च्या आत असेल आणि व्यवसायाचं स्किल असेसमेंटही (कौशल्याची अधिकृत तपासणी) झालेलं असेल, तर ५ ऐवजी १० मिळतात.

संध्याकाळच्या गाडीने परतले. दुसऱ्या दिवशी दुपारी ईमेल आला: लिसनिंग ७३, रीडिंग ७०, रायटिंग ७७, स्पीकिंग ८०. स्कोअर गृहखात्याकडे ऑनलाइन पाठवायला विसरू नका, छापलेला कागद जोडून भागत नाही. मी तो पाठवला आणि त्याच रात्री स्किलसिलेक्ट या गृहखात्याच्या ऑनलाइन यंत्रणेतल्या ईओआयमध्ये (निमंत्रणासाठी भरायच्या इच्छापत्रात) जुनी तारीख आणि जुना क्रमांक काढून नवे भरले.