जाळीचं कपाट: एप्रिल ते जूनची नोंद

नागपुरातल्या महाल भागातल्या जुन्या घरातून बेसा रोडच्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा दिवाण, सासूबाईंचा चौरंग आणि आजेसासूबाईंचं जाळीचं कपाट या तीन वस्तू काही झालं तरी टाकायच्या नाहीत, असं ठरलं होतं. चौरंग दुरुस्त करून झाला. ही नोंद कपाटाची.

फ्रिज येण्याआधी दूध, तूप, पोळ्या सगळं यातच राहायचं. मुंग्या चढू नयेत म्हणून चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले. त्या पाण्यानं पाय खालून दोन-दोन इंच काळे पडून भुसभुशीत झाले होते. बाकी सांगाडा सागवानाचा, खिळा न मारता कुसू घालून (एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून) जोडलेला, अजून जराही न हललेला. पाठीची फळी मात्र हलक्या लाकडाची, आणि तिला घुण लागलेली.

६ एप्रिलला रंग खरवडायला घेतला. वर चॉकलेटी, खाली पोपटी, त्याखाली निळा, असे तीन थर निघाले. जुन्या ऑइल पेंटवर काम करणाऱ्या सगळ्यांना कळकळीनं सांगते, कोरडं घासू नका. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत काय असेल याचा भरवसा नाही. मी पेंट रिमूव्हर लावून पत्रीनं खरवडलं, उरलेलं १२० नंबरच्या वॉटर पेपरनं ओलं घासलं, मास्क लावला आणि लेकीला तेवढे दिवस गच्चीवर येऊ दिलं नाही. कॉस्टिक सोड्यानं रंग पटकन निघतो हे खरं, पण सागवान त्यानं काळवंडतं. ज्या लाकडाचे रेषे उघडे दाखवायचेत, त्यावर तो नकोच.

आधी सगळं कपाट रंगवायचं ठरवलं होतं. पाय कापायला आलेल्या वाढईकाकांनी दाराच्या चौकटीवर ओला बोळा फिरवला, रेषे उमटले, आणि म्हणाले, "ताई, लाकूड अस्सल हाय. झाकून काय कराल बाप्पा?" मी दोन दिवस विचार केला. नवा हॉल पांढऱ्या भिंतींचा, खाली चकचकीत टाईल्स. त्यात अख्खं तपकिरी कपाट जड वाटलं असतं आणि अख्खं रंगवलेलं दुकानातून आणल्यासारखं. शेवटी दारांच्या चौकटी आणि वरची फळी उघडी ठेवून बाजू, पाय आणि आतला भाग रंगवायचं ठरलं. माझ्या मते हाच या कामातला सगळ्यात चांगला निर्णय.

पाय दोन इंच कापल्यावर उंची चार फूट एक इंच झाली आणि कपाट हॉलमधल्या स्विचबोर्डच्या खाली बरोबर बसलं. आधी ते बोर्डावर येत होतं आणि जागा बदलायची वेळ आली होती.

पाठीच्या फळीच्या भोकांत सिरिंजनं औषध सोडून ती आठवडाभर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली. मग फेविकॉलमध्ये बारीक भुसा कालवून भोकं बुजवली. जाळी पार गंजली होती, ती इतवारीतल्या लोहा ओळीतून नवी आणली. पितळी कड्या चिंचेनं घासल्या आणि कपाटाला त्याच परत लावल्या.

रंगाच्या छटेवर सगळ्यात जास्त दिवस गेले. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली आवडलेला फिका राखाडी घरी सकाळी निळसर दिसायचा. आमचा हॉल पश्चिमेचा, त्यामुळे चारनंतर ऊन थेट आत येतं. तेव्हा तोच राखाडी मळकट वाटायचा. मग प्लायच्या तुकड्यांवर चार छटा लावल्या आणि ते तुकडे कपाटाच्या जागी उभे करून सकाळ, दुपार, दिवा लावल्यावर असे तीन दिवस पाहिले. शेवाळी तिन्ही वेळा शेवाळीच राहिला. तोच घेतला.

पहिला प्रायमर मात्र वाया गेला. सागवान थिनरनं न पुसता, मधे काही न लावता थेट पांढरा प्रायमर मारला, आणि दुसऱ्या दिवशी त्यातून तपकिरी डाग वर आले. लाकडातलं तेल आणि टॅनिन (लाकडातलं तुरट, रंग सोडणारं द्रव्य) असं झिरपतं. ते घासून काढलं, थिनरनं पुसलं आणि चपड्याचा, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा, हात दिला. ५०० मिली स्पिरिटमध्ये १०० ग्रॅम चपडा रात्रभर भिजवला, तळाशी बसलेलं मेण न ढवळता वरचं स्वच्छ तेवढं ओतून घेतलं. हे मेण आत राहिलं तर वरचा वॉटर बेस रंग नीट धरत नाही. चपड्यानंतर डाग आला नाही.

मेमध्ये आपल्याकडे कधी रंगवायचं, हे सांगायलाच हवं. मी सकाळी अकराला गच्चीच्या सावलीत ब्रश उचलला आणि रंग फिरवता फिरवता सुकला. ब्रशचे ओरखडे तसेच राहिले. नंतर खोलीत कूलर लावून पाहिलं, तर दमट हवेनं वाळायला दुप्पट वेळ लागला. शेवटी नवतपा (मेअखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू असतानाही जमलेली वेळ म्हणजे पहाटे साडेपाच ते सात. कूलर बंद, खिडक्या उघड्या, चार इंची फोम रोलर, रंगात पाण्याचा अगदी थोडा हात. वॉटर बेस इनॅमलचे दोन हात, मधे पूर्ण एक दिवस आणि ३२० नंबरचा हलका पेपर. दुसरा हात २८ मेला दिला.

उघड्या सागवानाला डबल बॉइल्ड जवसाचं तेल तीनदा लावलं, दर वेळी पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसून. पुसलेली फडकी बोळा करून ठेवू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. मी ती पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवली, नंतर एकेक करून बाहेर दोरीवर मोकळी वाळवली.

ड्रॉवर सध्या ढिला वाटतो. तो तसाच ठेवलाय, पावसाळ्यात लाकूड फुगेल तेव्हा बरोबर बसेल.

रंग हाताला कोरडा लागतो, पण पुरता कडक व्हायला तीन आठवडे देतेय. त्याआधी आत कागद अंथरला तर तो चिकटून बसेल. सासूबाईंनी आंब्याच्या लोणच्याच्या बरण्या धुऊन, उन्हात वाळवून ओट्यावर मांडून ठेवल्यात आणि १८ जूनवर कॅलेंडरमध्ये पेन्सिलीनं गोल केलाय.